सौर वीज, भाडेपट्टा व आपली जमीन

गेल्या दोन-तीन वर्षांत भूम तालुक्यातील गावांत जमिनीची विचारपूस करणारी माणसे वारंवार दिसू लागली आहेत. ती पाऊसपाण्याची चौकशी करीत नाहीत, की विहिरीस पाणी किती हेही विचारीत नाहीत. जमीन सलग किती, हा त्यांचा पहिला प्रश्न. विजेचे उपकेंद्र किती अंतरावर, हा दुसरा. आणि सातबाऱ्यावर नावे किती, हा तिसरा. बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या वेळीही अशीच माणसे आली होती. आता ती सूर्यासाठी येत आहेत. कोणास एकरी पन्नास हजार रुपये वार्षिक भाडे सांगितले जाते, कोणाकडे जमीन सरळ खरेदीनेच मागितली जाते. अशा प्रसंगी काय करावे, अशी पृच्छा आमच्या सभासद बंधूंपैकी अनेकांनी केल्यावरून आमचे मत येथे मांडीत आहो.

आरंभीच सांगणे अवश्य आहे की, सौर विजेस आमचा विरोध नाही. पौषाच्या थंडीत मध्यरात्री मोटार सुरू करण्यासाठी ज्यास उठावे लागते, हाती विजेरी घेऊन दारे धरावी लागतात, पायाखाली साप आहे की ओली काठी हे चाचपून पाहावे लागते, त्यास दिवसा वीज म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको. सूर्य तळपतो तेव्हाच पिकास पाण्याची निकड असते. त्याच वेळी त्याच सूर्यापासून वीज मिळाली तर यापरते चांगले काय? महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली व २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आणली, ती याच हेतूने. उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा प्रकल्प उभारावयाचा, त्याची वीज त्याच उपकेंद्रात सोडावयाची आणि तेथून निघणाऱ्या शेतीच्या वाहिनीवर ती दिवसा द्यावयाची, अशी तिची साधी रचना आहे. या दुसऱ्या आवृत्तीतील पहिला प्रकल्प २०२४ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथे सुरू झाला. तो अवघा ३ मेगावॅटचा आहे.

परंतु सौर प्रकल्प म्हटला की सर्व एकच, असे समजण्यात मोठी चूक होते. धोंदलगावासारखा प्रकल्प पंधरा-वीस एकरांत मावतो आणि त्याची वीज शेजारच्या मोटारीस मिळते. दुसरा प्रकार शेकडो एकरांचा. त्याची वीज मोठ्या मनोऱ्यांवरून दूर जाते. ज्या गावाच्या शिवारात ती निर्माण होते त्या गावात संध्याकाळी भारनियमन असले तरी तिचा त्याच्याशी संबंध नसतो. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे २०१३ मध्ये महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. आपल्या जिल्ह्यात कौडगावच्या औद्योगिक क्षेत्रातही त्याच कंपनीचा ५० मेगावॅटचा आहे. देशास असे मोठे प्रकल्पही हवे आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र आपल्या दारी आलेला मनुष्य कोणत्या प्रकारासाठी आला आहे, हे त्यास पहिल्याच भेटीत विचारावे. उत्तर देण्यास तो कचरला तर चहा पाजून निरोप द्यावा.

आता हिशेबाकडे वळू. हयात आकडे मांडण्यात गेली असल्यामुळे या बाबतीत आमचा हात थोडा लांबेल, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमिनीस २०२३ मध्ये ठरविलेला दर असा : हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये, अथवा शासकीय मूल्यदराप्रमाणे होणाऱ्या किमतीच्या सहा टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती. सव्वा लक्ष धरले तर एकरी सुमारे ५०,६०० रुपये पडतात. आमच्याकडील हलक्या माळजमिनीत सोयाबीन एकरी पाच क्विंटल निघाले आणि २०२४-२५ चा ४,८९२ रुपयांचा हमीभाव पूर्ण पदरी पडला (तो किती जणांच्या पदरी पडला हे ज्याचे त्याने आठवावे), तरी २४,४६० रुपये होतात. त्यातून बियाणे, खत, फवारणी, मजुरी व मळणी वजा करावयाची. म्हणजे काही न पेरता, आभाळाकडे न पाहता, पिकाच्या एकूण उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक रक्कम घरी येते. हा आकडा ऐकून कोणाचे मन डळमळले तर त्यास आम्ही लोभी म्हणणार नाही. २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ ज्याने जनावरांच्या छावणीत बसून काढले, त्यास खात्रीच्या पैशाची किंमत आमच्याहून अधिक ठाऊक आहे.

पण पट्टा एका वर्षाचा नाही. तो पंचवीस-तीस वर्षांचा असतो. दरात दरवर्षी तीन टक्के वाढ आहे, असे सांगितले जाते व ते खरेही आहे. परंतु ही वाढ सरळ पद्धतीची आहे, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मूळ भाड्यावर तीन टक्के, वाढलेल्या भाड्यावर नव्हे. सावकाराचे व्याज चक्रवाढ आणि आपले भाडे सरळवाढ, हा भेद आपल्या वडिलांस अंगठा उठविण्यापूर्वी कळला नाही म्हणून कित्येकांच्या जमिनी गेल्या. तिसाव्या वर्षी हे भाडे एकरी सुमारे ९४,६०० रुपये होईल. तेवढ्या काळात महागाई दरसाल पाच टक्क्यांनी वाढली, असे समजा. तर आज ५०,६०० रुपयांत येणाऱ्या जिनसांस तेव्हा दोन लक्ष आठ हजार रुपये पडतील. म्हणजे तिसाव्या वर्षीचे ते ९४,६०० आजच्या मोलाने केवळ २३,००० रुपयांचे ठरतात. ज्यास टक्केवारीचा कंटाळा आहे त्याने सोन्याकडे पाहावे. १९९५ च्या सुमारास दहा ग्रॅम सोने पाच हजार रुपयांच्या आत मिळे. २०२५ मध्ये त्यास एक लक्षाहून अधिक पडू लागले. तेव्हा ज्याने तीस वर्षांचा भाव आज बांधून घेतला, त्याने आपल्या नातवाची मजुरी आज ठरविली.

दुसरा हिशेब याहून थोडा आहे, पण अधिक बोलका आहे. एक मेगावॅटच्या पटलांस (ज्यांस गावात सोलरच्या प्लेटा म्हणतात) चार ते पाच एकर जमीन लागते व आपल्याकडच्या उन्हात वर्षास सुमारे सोळा लक्ष युनिट वीज होते. या योजनेतील विजेचा दर युनिटास तीन रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे पाच एकरांवर वर्षास अठ्ठेचाळीस लक्षांची वीज विकली जाते आणि जमीनधारकास मिळतात अडीच लक्ष. रुपयात पाच पैसे. भांडवल कंपनीचे, कर्ज कंपनीचे, यंत्र बिघडल्यास जोखीम कंपनीची, हे सर्व मान्य. एका मेगावॅटला काही कोटी रुपये घालावे लागतात, हेही आम्ही विसरलो नाही. तरी ऊन आपल्या जमिनीवर पडते. जुन्या काळी राजाने उत्पन्नाचा सहावा भाग घ्यावा असे म्हणत. येथे मूळ धनी विसाव्या भागावर समाधान मानतो, तेही पुढे घटत जाणाऱ्या.

मध्यंतरी एक परिचित गृहस्थ एका कंपनीच्या करारनाम्याचा मसुदा घेऊन आमच्याकडे आले. सही दुसऱ्याच दिवशी करावयाची होती. मसुदा चाळीस पानी, त्यातील भाड्याचा आकडा तेवढा त्यांनी वाचला होता. आम्ही तो दिव्याखाली बसून दोन रात्री वाचला. त्यात भाडे जमिनीचा ताबा दिल्यापासून सुरू होत नव्हते, तर वीज विकली जाऊ लागल्यापासून होत होते. मधली दीड-दोन वर्षे शेतकऱ्याने ना पेरावे, ना भाडे घ्यावे. कंपनीस तीन महिन्यांच्या सूचनेने करार सोडता येत होता, शेतकऱ्यास मुदत संपेपर्यंत सोडता येत नव्हता. कंपनीस आपला पट्टा दुसऱ्या कोणासही देण्याची आणि त्यावर कर्ज काढण्याची मोकळीक होती. मुदतीअंती लोखंडी खांब, जमिनीतील सिमेंटचे पाये व फुटकी पटले कोणी उचलावयाची, याविषयी चाळीस पानांत एक ओळ नव्हती. त्या गृहस्थांनी सही केली नाही. पुढे महिन्याभराने त्याच माणसांनी ताब्यापासून भाडे देण्याचे आणि जमीन पूर्ववत करून देण्याचे कलम निमूटपणे घातले. मागितले असते तर ते पहिल्याच दिवशी मिळाले असते, असे आम्हांस वाटते. पण मागण्यासाठी आधी वाचावे लागते.

खरेदीखताबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. सौर प्रकल्पास जमीन विकू नये. पटले पंचवीस-तीस वर्षांत निकामी होतात, जमीन होत नाही. शिवाय आपल्या भागास १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे. जो शेतकरी नाही त्यास शेतजमीन विकत घेणे या कायद्याने अवघड करून ठेवले आहे. आपली सगळी जमीन विकून जो मोकळा झाला, तो उद्या पैसा हाती असूनही शेतकरी म्हणून परत येऊ शकेलच असे नाही. ज्यांच्या जमिनी जुन्या इनामाच्या अथवा भोगवटादार वर्ग दोनच्या आहेत, त्यांनी तर सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय भाडेपट्टाही करू नये. असा व्यवहार पुढे शर्तभंग ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि त्या वेळी मध्यस्थ कोठेही सापडत नाही.

नोंदीचे महत्त्व काय, याचे उदाहरण धुळे जिल्ह्यातील विखरणचे आहे. शिंदखेडा तालुक्यातील या गावच्या जमिनी दोंडाईचा औष्णिक वीज-प्रकल्पासाठी संपादन झाल्या. तो प्रकल्प झाला नाही. पुढे त्याच जागी सौर प्रकल्पाची योजना आली. धर्मा पाटील या वृद्ध शेतकऱ्यास सुमारे पाच एकर जमिनीचे चार लक्षांच्या आसपास मिळाले, आणि शेजाऱ्यांस त्याच्या कित्येक पट. आपली बागायत व आंब्याची झाडे हिशेबात नीट धरली नाहीत, ही त्यांची तक्रार होती. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून ते २०१८ च्या जानेवारीत मंत्रालयात गेले व तेथेच त्यांनी जिवावर उदार होऊन घेतले. २८ जानेवारीस त्यांचे निधन झाले. ज्या खात्यात आमची उमर गेली त्या खात्याची ही हकीकत वाचताना आम्हांस मान खाली घालावी लागली. पंचनाम्यात झाड उतरले नाही तर सरकारच्या लेखी ते झाड नसतेच, हे आम्ही शेकडो वेळा पाहिले आहे. म्हणून जमीन भाड्याने द्यावयाची असली तरी आधी विहीर, झाडे, बांध, पाइपलाइन यांची सातबाऱ्यावरील नोंद ताजी करून घ्यावी.

येथवर खाजगी जमिनीविषयी झाले. आता ज्या जमिनीवर कोणा एकाचे नाव नाही, तिच्याविषयी लिहितो; कारण आमच्या मते खरा धोका तेथे आहे.

सरकारी जमीन या योजनेस नाममात्र भाड्याने दिली जाते, आणि गावातील सरकारी जमीन म्हणजे बहुधा गायरान. कंपनीस ते सोयीचे : एक सातबारा, वारसांची कटकट नाही. कागदोपत्री ती पडीक, म्हणून कोणाचे काही जात नाही असे समजले जाते. महसुली भाषेत लागवडीस न येणाऱ्या जमिनीस पोटखराब म्हणतात. पण ज्या जमिनीवर सारा आकारला नाही ती निरुपयोगी, असा त्याचा अर्थ आम्ही तरी कधी शिकलो नाही. भूमचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा यांचे नाव दूरवर गेले आहे. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा सुमारे एक किलो खवा होतो. ते दूध पेंडीवर होते तसे कडब्यावर व माळाच्या गवतावरही होते. श्रावणापासून दिवाळीपर्यंत म्हैस माळावर चरली नाही तर तिचा खर्च खव्याच्या भट्टीस परवडेल काय? आपली काळी उस्मानाबादी शेळी, जिच्यामुळे जिल्ह्याचे जुने नाव अजून टिकून आहे, ती तर निव्वळ माळावर जगते. (परदेशी पटलांखाली मेंढ्या चारतात व गवत काढण्याची मजुरी वाचवितात, असे वाचले. शेळी तेथे चालणार नाही; ती पटलावर चढून बसेल आणि तारा चावील.)

याच गायरानावर भूमिहीनांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पेरून खात आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले ते याच प्रश्नावर होते, आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी वहिवाट नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये काढला. कित्येकांच्या नोंदी अद्याप झालेल्या नाहीत. आमच्या वाचकांत बहुतेक जमीनधारक आहेत. त्यांस हे वाचणे कदाचित रुचणार नाही. कारण गायरान गेले तर आपली जमीन वाचली, असे गावोगाव बोलले जाते. पण ज्या माणसाची चार एकर वहिवाट कुंपणात गेली तो उद्या ऊसतोडीस जाईल, आणि आपल्या शेतात खुरपणीस मनुष्य मिळत नाही अशी तक्रार आपणच पारावर बसून करू. कर्नाटकात पावगड येथे तेरा हजार एकर जमीन शेतकऱ्यांकडून एकरी २१,००० रुपये वार्षिक भाड्याने घेऊन २०१९ पर्यंत प्रचंड सौर उद्यान उभारले. जमीनधारकास भाडे मिळाले. ज्यास जमीन नव्हती त्याचे शेतकाम गेले आणि भाड्यात वाटा मिळाला नाही. मेंढरे विकावी लागली ती त्यानेच.

ग्रामपंचायतीस वर्षास पाच लक्षांप्रमाणे तीन वर्षे अनुदान मिळते, ही चांगली गोष्ट आहे. पण पंधरा लक्षांचे सभामंडप बांधून होईल आणि गायरान पुढील पंचवीस वर्षे कुंपणात राहील, हेही ग्रामसभेत मोठ्याने सांगितले जावे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनी जपाव्यात असा निकाल दिला आहे. गायरान द्यावयाचेच असेल तर किती, कोणत्या बाजूचे, जनावरांची वाट व पाणवठा कोठे, वहिवाटदारांची सोय काय, हे आधी ठरावात यावे. तसेच पटले धुण्यास लागणारे पाणी. आमच्याकडच्या धुळीत ती वारंवार धुवावी लागतात व एका धुण्यास मेगावॅटमागे हजारो लिटर पाणी जाते. मे महिन्यात ते कोणत्या विहिरीतून उपसणार, हे ठरावात लिहून घेतले नाही तर ते आपल्याच विहिरीतून उपसले जाईल.

मग आमचे म्हणणे काय? जमीन द्यावी, पण पट्ट्याने. एकेकट्याने नव्हे तर शेजाऱ्यांनी मिळून. आणि शक्य तेथे भाडेकरूच आपण व्हावे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी येथे २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर वीज-उत्पादकांची सहकारी मंडळी काढली. आपापल्या पंपास वीज वापरावी व उरलेली वीज कंपनीस विकावी, असा त्यांचा क्रम. २०१९ मध्ये आलेल्या पीएम-कुसुम योजनेच्या पहिल्या भागात पाचशे किलोवॅट ते दोन मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प शेतकऱ्यांच्या गटांस, सहकारी संस्थांस व पंचायतींस स्वतः काढण्याची मुभा ठेवली होती. भांडवल कोठून आणावे, हा प्रश्न खरा आहे आणि आमच्याकडे त्याचे तयार उत्तर नाही; जिल्ह्यातील सहकारी संस्थांचा इतिहास आठवला की उत्साह थोडा मावळतो, हेही प्रांजळपणे सांगतो. परंतु प्रवरेच्या काठी १९५० मध्ये शेतकऱ्यांनी साखर कारखाना काढला तेव्हा त्यांजवळही कोटी रुपये नव्हते. परभणीच्या कृषी विद्यापीठात उंच पटलांखाली पिके घेण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यांचे आकडे मागवून या मासिकात छापावेत, अशी विनंती आम्ही संपादकांस केली आहे.

तोवर ज्यांच्या हाती कराराचा मसुदा आला असेल त्यांनी सही करण्यापूर्वी त्याची एक प्रत संस्थेच्या कार्यालयात आणून दाखवावी. बाजारच्या दिवशी दुपारी आम्ही तेथे असतो. वाचून देण्यास काही आकार नाही. विशेषतः पुढील गोष्टी त्यात आहेत की नाहीत ते पाहू : भाडे ताब्याच्या दिवसापासून, वाढ चढत्या भाड्यावर, पट्टा दुसऱ्यास देताना धन्याची लेखी संमती, मुदतीअंती पाये उखडून जमीन परत, आणि त्यासाठी कंपनीची ठेव आजच बँकेत. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीशिवाय कायदेशीर ठरत नाही, म्हणून शंभराच्या मुद्रांकावर गावातच सही मागणाऱ्यास तेवढ्यावरूनच ओळखावे. येताना चालू सातबारा, आठ-अ व मोजणीचा नकाशा सोबत आणावा, आणि सातबाऱ्यावर बहिणींची नावे असतील तर त्यांसही विचारून यावे.